सरहद्दीने दिलेले विद्यापीठ

नगर जिल्ह्यातल्या पाथर्डीत बारावी विज्ञान झालेल्या विद्यार्थ्याने संगणकशास्त्र पुणे विद्यापीठातूनच का शिकावे, असे विचारले की मानांकन आणि कॅम्पस प्लेसमेंट ही दोन उत्तरे ठरलेली असतात. खरे कारण त्यांहून बरेच जुने आहे आणि संगणकाशी त्याचा मुळात काही संबंध नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि नगरचा मुलूख इंग्रजांकडे गेला. शेजारचे बीड निजामाच्या राज्यात राहिले. आज पाथर्डी तालुका जिथे बीडच्या आष्टी आणि शिरूर कासारला भिडतो, तिथे दोन राजवटी भिडत होत्या. अलीकडे-पलीकडे जमीन तीच कोरडवाहू, पाऊस तसाच बेभरवशाचा, आणि ऊसतोडीचा हंगाम लागला की कोयता घेऊन कारखान्यांकडे निघणाऱ्या टोळ्याही सारख्याच. शिक्षणाची वाट मात्र वेगळी झाली. नगर १८५७ च्या मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत आले. बीडच्या मुलाला १९१८ नंतर हैदराबादचे उस्मानिया होते, तेही उर्दू माध्यमाचे. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ निघाले तेव्हा नगर त्याच्याकडे गेले. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळायला १९५८ उजाडले. पुढे १९६२ मध्ये कोल्हापूर आणि १९९० मध्ये जळगावची विद्यापीठे निघून पुण्याची हद्द आकसली, पण नगर, नाशिक आणि पुणे हे तीन जिल्हे एकत्र राहिले. निजाम गेला, मुंबई इलाखाही गेला, पण सरहद्द विद्यापीठांच्या नकाशात शिल्लक आहे.

या वारशाची किंमत वाढली ती संगणकामुळे. १९८८ मध्ये सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेची स्थापना झाली, तिला जागा मिळाली गणेशखिंडीत, विद्यापीठाच्याच आवारात. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. पुढे सॉफ्टवेअर कंपन्या पुण्यात आल्या आणि ‘पुण्याची पदवी’ या शब्दांना बाजारभाव आला. त्याआधीच विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळून १९८३ मध्ये लोणी आणि कोपरगावला महाविद्यालये उभी राहिली. ती पाटपाण्याच्या, साखरेच्या पैशावर उभ्या असलेल्या उत्तर नगरमध्ये. पाथर्डीकडे ना पाट होता ना तेवढा पैसा. तरीही दक्षिणेच्या मुलाला त्या जागांवर हक्क सांगता आला, कारण अभियांत्रिकी प्रवेशात बऱ्याच जागा ‘होम युनिव्हर्सिटी’च्या विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या असत, आणि ती ठरे बारावी कोठून केली यावरून. चार मैल पलीकडे बारावी केलेल्या आष्टीच्या मुलाला त्याच महाविद्यालयांत उरलेल्या थोड्या कोट्यासाठी झगडावे लागे. गुणवत्तेची भाषा बोलणाऱ्यांनी हा नकाशा एकदा समोर ठेवावा.

यावर पहिला आक्षेप असा येतो की संलग्नता म्हणजे शिक्का. फर्ग्युसनची प्रयोगशाळा आणि तालुक्यातली प्रयोगशाळा एक नव्हेत. आक्षेप बरोबर आहे. पण संलग्न पद्धतीत अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका एकच असते, आणि गावात शिकणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत हे कळण्याचे तेच एक माप असते. पाथर्डीला तर ही कल्पना नवी नाही. याच तालुक्यातल्या चिचोंडीत जन्मलेल्या आचार्य आनंदऋषीजींच्या प्रेरणेने १९३६ मध्ये श्री तिलोकरत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड पाथर्डीत निघाले. ठरलेला पाठ्यक्रम, लेखी परीक्षा, प्रमाणपत्र: विद्यापीठाचे निम्मे काम हे गाव करीत होते, तेही पुण्यात विद्यापीठ निघण्याच्या तेरा वर्षे आधी. शिक्षक सगळीकडे सारखे मिळत नाहीत, निदान परीक्षा तरी सारखी हवी, हा त्यामागचा हिशेब आजही चुकीचा वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. कोड लिहायला मोबाइलवर फुकट शिकता येते, मग तीन वर्षे कशाला? इथे पदव्यांमधला फरक पाहावा लागतो. विद्यापीठाच्या बी.एस्सी. (कॉम्प्युटर सायन्स)ला बारावीचे गणित लागत आले आहे, आणि संगणकाबरोबर गणित, संख्याशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स शिकावे लागे. वाणिज्य शाखेतून निघालेल्या बीसीएला तशी अट नव्हती. प्रोग्रॅमिंगच्या भाषा दर काही वर्षांनी बदलतात, आणि आता तर कोडचा बराच भाग यंत्रच लिहून देते. तो कोड बरोबर आहे का, हे तपासायला लागते ते मात्र ग्राफ, संभाव्यता आणि तर्क. आणि एकट्याने मोबाइलवर शिकणारा नेमके तेच टाळतो. मला विचारले तर पाथर्डीच्या मुलाने विद्यापीठाच्या नावासाठी नव्हे, त्या गणितासाठी जावे.

गाव रिकामे होते, हा तिसरा आक्षेप मला फारसा पटत नाही. या तालुक्यातून माणसे संगणक येण्याआधीपासून बाहेर पडत आली आहेत. फरक एवढाच की पदवी घेऊन गेलेला दर हंगामात उचल घेऊन जात नाही. खरी चिंता वेगळी आहे. पुण्यातली मोठी महाविद्यालये एकेक करून स्वायत्त होत आहेत, अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका स्वतःच्या काढत आहेत. सामायिक परीक्षा मग उरते ती तालुक्यांच्या महाविद्यालयांपुरती. मुलाखत घेणारा गुणपत्रिकेवर महाविद्यालयाचे नाव आधी वाचू लागला, तर निजामाच्या सरहद्दीने पाथर्डीला दिलेला फायदा पुणे शहराच्या वेशीवरच संपेल, आणि त्यासाठी कोणाला नकाशा बदलावाही लागणार नाही.