शिकता शिकता शिकविणे : दक्षिणा फेलोंपासून असिस्टंटशिपपर्यंत

मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली की घरात पेढे वाटले जातात आणि दुसऱ्याच दिवशी प्रश्न उभा राहतो : पुढे शिकवावयाचे तर पैसा कोठून आणावयाचा? पालकांना दोनच वाटा दिसतात. कर्ज काढावे, नाही तर शिक्षण थांबवून नोकरी धरावी. तिसरी वाट आहे, आणि ती आपल्या मुलखाला अजिबात नवी नाही.

पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. 1818 साली पेशवाई बुडाली, पण एल्फिन्स्टनने हा खर्च एकदम बंद केला नाही. सालिना पन्नास हजार रुपये त्यासाठी राखून ठेवले. पुढे हा पैसा हळूहळू विद्येकडे वळला. 1821 मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली, मराठी ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली आणि त्याच निधीतून कॉलेजांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. या फेलोने स्वतः वरच्या परीक्षेचा अभ्यास करावयाचा आणि खालच्या वर्गांना शिकवावयाचे. आज अमेरिकेत ज्याला टीचिंग असिस्टंटशिप म्हणतात, ती याहून फारशी वेगळी नाही.

न्यायमूर्ती रानडे याच वाटेने गेले. 1859 साली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा त्यांनी दिली. एल्फिन्स्टन कॉलेजात ज्युनियर फेलो म्हणून त्यांना महिना साठ रुपये मिळत, पुढे सिनियर झाल्यावर एकशेवीस. त्या काळी साठ रुपयांत एक कुटुंब सुखाने राहू शकत होते! 1862 मध्ये ते बी.ए. झाले, 1864 मध्ये एम.ए. भांडारकर, तेलंग आणि आगरकर हेही दक्षिणा फेलो होते.

मात्र देणाऱ्याचा हात वर असतो, हेही रानड्यांनी अनुभवले. त्यांचे चरित्रकार सांगतात की, एका निबंधात त्यांनी मराठी राज्याशी तुलना करून इंग्रजी राज्यात उणेपणा दाखविला. प्रिन्सिपल सर अलेक्झांडर ग्रँट विद्वान गृहस्थ होते, रानड्यांवर त्यांचा लोभही होता. तरी त्यांनी सहा महिने वेतन रोखले.

अमेरिकेत 1876 साली बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ उघडले, तेव्हा सालिना पाचशे डॉलरच्या वीस फेलोशिप देण्यात आल्या. विद्यार्थ्याकडून फी घेण्याऐवजी त्यालाच पैसे देऊन संशोधनास बसवावयाचे, ही कल्पना तेथे रुजली. दुसऱ्या महायुद्धानंतर संघ सरकार विद्यापीठांना संशोधनासाठी मोठाली अनुदाने देऊ लागले. 1950 मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशन स्थापन झाले. प्राध्यापकाच्या अनुदानातून रिसर्च असिस्टंटचा पगार निघू लागला. सामान्यतः आठवड्याला वीस तास काम, त्याबदली फी माफ आणि जेमतेम राहण्याजेवणापुरते मासिक वेतन, असा हा व्यवहार असतो. तो मुख्यतः पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी आहे, एम.एस.ला जाणाऱ्यांनी ते गृहीत धरून कर्ज काढू नये. अनुदान आटले की जागाही आटते. 2025 मध्ये अमेरिकन सरकारने संशोधनाच्या पैशाला कात्री लावली, तेव्हा अनेक विद्यापीठांनी पीएच.डी.चे प्रवेशच कमी केले.

आपल्या देशातही हा अनुभव आला. अल्पसंख्य समाजांतील संशोधक विद्यार्थ्यांसाठी 2009 मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप 2022-23 पासून बंद करण्यात आली. इतर योजनांशी ती जुळते, असे कारण सरकारने संसदेत दिले. ते पटण्यासारखे नाही, कारण तिच्या आधाराने पीएच.डी.पर्यंत पोहोचणारी मुले बहुधा घराण्यातील पहिलीच पदवीधर असत.

राहिली ती ज्युनियर रिसर्च फेलोशिप, 1984 पासून चालत आलेली. जानेवारी 2023 पासून तिचे वेतन दरमहा सदतीस हजार रुपये आहे. ती नेट परीक्षेतील गुणांवर मिळते. मुलींना वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत आहे. लग्न, बाळंतपण यांत वर्षे गेलेल्या आपल्या किती मुलींना हे ठाऊक असेल?