अंजिरांवर धावलेला स्पार्टन

इ.स.पूर्व ६६८. अठ्ठाविसाव्या ऑलिम्पिक स्पर्धेत स्पार्टाचा खार्मिस एका स्टेडची शर्यत जिंकला. ऑलिंपियाच्या मैदानावर हे अंतर सुमारे १९२ मीटर भरते. विजेत्यांच्या यादीत त्याच्या नावापुढे एक विलक्षण नोंद आहे: सरावाच्या काळात हा गडी सुक्या अंजिरांवर राहत असे.

ही यादी सेक्स्टस ज्युलियस आफ्रिकानसची, आणि तो इ.स.च्या तिसऱ्या शतकातला. धावणारा आणि लिहिणारा यांच्यात जवळपास नऊशे वर्षांचे अंतर. ज्ञानेश्वर आपल्यापासून जितके दूर, त्याहूनही अधिक. मग या नोंदीवर विश्वास किती ठेवावा?

साधारण त्याच शतकातला डायोजेनिस लाएर्टियस सांगतो की, पूर्वीचे मल्ल सुके अंजीर, ओले चीज आणि गहू खाऊन तयार होत. मांसाहार आणला तो पायथागोरसने. लगेच तो हेही नमूद करतो की, काहींच्या मते हा पायथागोरस तत्त्वज्ञ नव्हे, त्याच नावाचा कुणी तालीमबाज होता. पॉसेनियस हे श्रेय ड्रोमेउस या लांब पल्ल्याच्या धावपटूला देतो. त्याच्या मते तोवर खेळाडूंचे अन्न टोपलीत निथळलेले ताजे चीज, अंजिराचा उल्लेखच नाही. म्हणजे मांस पैलवानाचे आणि फळ धावपटूचे, अशी सोयीची विभागणीही टिकत नाही.

अंजिराच्या बाजूने खरा साक्षीदार वेगळाच आहे. स्पार्टात पुरुषांना सामुदायिक पंगतीत जेवावे लागे आणि प्रत्येकाला दरमहा शिधा जमा करावा लागे. प्लुटार्कने त्याचे माप दिले आहे: एक मेडिम्नस जव, आठ खोएस मद्य, पाच मिना चीज आणि अडीच मिना अंजीर. अडीच मिना म्हणजे कोणते माप धरावे त्यानुसार एक ते दीड किलो; दिवसाला चाळीस-पन्नास ग्रॅम, चार-पाच फळे. तेव्हा अंजीर हा खार्मिसचा गुप्त खुराक नसावा. तो पंगतीतलाच जिन्नस होता. याने तो इतरांहून अधिक खाल्ला असेल, इतकेच.

तरी निवड वाईट नव्हती. सुक्या अंजिराचे निम्म्याच्या आसपास वजन साखरेचेच असते. कसून व्यायाम करताना स्नायू आपल्यात साठवलेले ग्लायकोजन जाळतात आणि पिष्टमय व गोड अन्नाने ते पुन्हा भरते, हे स्वीडनमधील बर्गस्ट्रॉम व हुल्टमन यांनी १९६० च्या दशकात स्नायूंचे सूक्ष्म तुकडे तपासून दाखवले. १९२ मीटरच्या एका धावेला एवढ्या साठ्याची गरज नसते. रोजच्या तालमीला मात्र असते.

गेलनला हे पटले नसते. दुसऱ्या शतकातला हा वैद्य पर्गमॉनमध्ये ग्लॅडिएटरांवर उपचार करीत असे. द्राक्षमळ्यांचे राखणदार दोन महिने केवळ अंजीर-द्राक्षांवर राहून चांगले गुबगुबीत होतात, हे त्याने पाहिले होते. पण ते मांस घट्ट नसते, लवकर उतरते, असा त्याचा शेरा. फळांविषयी त्याचा एकूणच दुरावा होता: तरुणपणी फळांच्या अतिसेवनाने आजारी पडल्यावर त्याने हंगामी फळे वर्ज्य केली. अपवाद दोनच, पिकलेली द्राक्षे आणि पिकलेले अंजीर.