मनगटावरची माहिती वाचणार कोण?

‘पेशंटची वैद्यकीय माहिती सोबत ठेवणारं वेअरेबल’ हा प्रोजेक्टचा विषय दरवर्षी कोणी ना कोणी घेतंच. प्रपोजल उघडलं की पहिल्या पानावर मायक्रोकंट्रोलर कोणता, मेमरी किती, क्यूआर कोड की एनएफसी, याची चर्चा. ‘पूर्वी झालेलं काम’ म्हणून गेल्या चार-पाच वर्षांतले पेपर. पण अंगावर वैद्यकीय माहिती बाळगण्याची कल्पना सिलिकॉनपेक्षा जुनी आहे. तिचा इतिहास वाचला तर ‘किती माहिती मावेल’ हा प्रश्न मागे पडतो. ती वाचणार कोण आणि वाचणारा तिच्यावर भरवसा ठेवणार का, हे आधी ठरवावं लागतं.

सुरुवात सैन्यापासून करू. अमेरिकी लष्कराने १९०६ मध्ये सैनिकांसाठी ॲल्युमिनियमची गोल ओळख-चकती मंजूर केली. तिचा उपयोग मुख्यतः मृतदेह ओळखण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिचा आकार बदलला आणि तिच्यावर दोन वैद्यकीय नोंदी आल्या: रक्तगट, आणि ‘टी’ अक्षरापुढे धनुर्वाताची लस घेतल्याचं वर्ष. ही ‘टी’ची नोंद मला फार हुशारीची वाटते. त्या काळी धनुर्वात टाळण्यासाठी जखमी माणसाला घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं प्रतिविष देत आणि काहींना त्याची जीवघेणी ॲलर्जी होई. लस आधीच घेतलेली असेल तर ते सीरम टाळून लसीचा पुढचा डोस पुरे. म्हणजे एक अक्षर आणि दोन आकडे वाचून डॉक्टरने काय करायचं ते बदलत होतं.

रक्तगटाचं मात्र तसं झालं नाही. १९०१ मध्ये लँडस्टायनरने रक्तगट मांडले, त्यामुळे शास्त्र पक्कं होतं. कच्ची होती ती नोंद. हजारो सैनिकांची रक्ततपासणी घाईने करायची, कोणीतरी ती यादीत लिहायची, दुसऱ्याने पत्र्यावर ठोकायची. पडताळणीत काही चकत्यांवरचे गट चुकीचे निघाले. चुकीचं रक्त चढवलं तर माणूस दगावू शकतो. अमेरिकेतून विमानाने आघाड्यांवर जे रक्त गेलं ते ‘ओ’ गटाचंच होतं, म्हणजे सर्वांना चालेल असं. (आपल्या कॉलेजच्या आयकार्डवरही रक्तगट असतो, तो बघून कुठलीही रक्तपेढी क्रॉसमॅच केल्याशिवाय पिशवी देत नाही.)

त्याच चकतीवर धर्माचंही अक्षर असे. ज्यू सैनिकांसाठी ‘एच’. अंत्यविधी योग्य रीतीने व्हावा हा हेतू. पण जर्मनांच्या हाती सापडण्याची वेळ आली तेव्हा काही ज्यू सैनिकांनी त्या चकत्या फेकून दिल्या. पलीकडच्या बाजूलाही गंमत बघा, गंमत कसली म्हणा. नाझींच्या एसएसमधल्या अनेकांच्या डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला, काखेजवळ, रक्तगट गोंदलेला असे. युद्ध संपल्यावर दोस्त सैन्याने पकडलेल्यांचे हात वर करायला लावून त्याच खुणेवरून एसएसचे लोक ओळखले. जीव वाचवण्यासाठी केलेली नोंद पुरावा झाली. मेडिकल वेअरेबलच्या प्रायव्हसीवर प्रकरण लिहायचं असेल तर सुरुवात इथून करा, पासवर्डपासून नको.

न्युरेंबर्गच्या डॉक्टरांवरील खटल्यात साक्ष देणारे शिकागोचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँड्र्यू आयव्ही यांना ही गोंदण्याची पद्धत माहीत होती. १९५० च्या सुमारास अमेरिकेत अणुहल्ल्याची धास्ती होती, आणि हल्ला झालाच तर रक्त लागणार प्रचंड. आयव्हींनी सुचवलं की नागरिकांच्या अंगावर रक्तगट गोंदावा. इंडियाना आणि युटा राज्यांच्या काही भागांत ते खरोखर झालं, शाळकरी मुलांवरसुद्धा. जागा निवडली छातीच्या डाव्या बाजूला, काखेखाली. कारण स्फोटात हात-पाय तुटू शकतात! इतका बारकाईने विचार केला, पण डॉक्टर गोंदण बघून रक्त चढवतील का, याचं उत्तर ‘नाही’ असंच होतं. काही वर्षांत योजना विरली.

आता जे टिकलं ते बघू. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टर्लॉक गावी लिंडा कॉलिन्स या मुलीचं बोट कापलं. धनुर्वाताचं प्रतिविष देण्याआधी त्वचेवर चाचणी केली, आणि त्या चाचणीनेच ती मरणाच्या दारात गेली. तेच ते सीरम. वडील मॅरियन डॉक्टर होते. ती वाचली, पण आपण जवळ नसताना पुन्हा कोणी सुई टोचली तर? आई-वडिलांनी आधी कागदावर सूचना लिहून दिल्या, मग सराफाकडून चांदीचं ब्रेसलेट कोरून घेतलं. त्यातूनच १९५६ मध्ये मेडिकअलर्ट ही संस्था उभी राहिली. ब्रेसलेटवर फक्त जिवावर बेतणारी गोष्ट, सदस्य क्रमांक आणि एक फोन नंबर. बाकीची माहिती फोनच्या पलीकडे. फोनचा खर्चही संस्थेकडे. आजच्या भाषेत सांगायचं तर डेटाबेस वेगळा, अंगावर फक्त इशारा आणि की. आणि फोन लागला नाही तरी इशारा वाचता येतोच.

हा शेवटचा भाग व्हेरिचिपने सोडून दिला. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप कातडीखाली बसवायला २००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने परवानगी दिली. आत फक्त १६ अंकी क्रमांक. तो स्कॅनरने वाचायचा, मग डेटाबेसमध्ये शोधायचं. ज्या इमर्जन्सी विभागात स्कॅनर नाही, किंवा चिप आहे हेच कुणाला माहीत नाही, तिथे ती नसल्यातच जमा. २०१० च्या आसपास ती बाजारातून गेली.

तेव्हा प्रपोजल लिहिताना ब्लॉक डायग्राम काढण्याआधी एक पान वाचणाऱ्यावर खर्च करा. १०८ च्या रुग्णवाहिकेतला डॉक्टर हातमोजे घातलेला, अंधारात, कदाचित नेटवर्क नसलेल्या जागी. त्याला तुमच्या उपकरणातली कुठली एक नोंद दिसली तर तो पुढचं इंजेक्शन बदलेल? ती कोणी भरली, शेवटची कधी तपासली? पेशंटला ती लपवायची असेल तेव्हा काढून ठेवता येते का? आयफोनने २०१४ मध्ये मेडिकल आयडी आणला तेव्हा फोन लॉक असतानाही ती माहिती दाखवायची की नाही, हे ठरवायचं बटण वापरणाऱ्याच्या हाती दिलं. ते चालू ठेवलं तर रुग्णवाहिकेतला डॉक्टर वाचतो आणि फोन हाती लागलेला कोणीही वाचतो. तुमच्या डिझाइनमध्ये हे बटण कुठे आहे ते गाइड विचारणारच.