दगडावरच्या नोंदी

भरतपूरच्या केवलदेव मंदिराजवळ, तळ्याकाठी, काही शिलापट्ट उभे आहेत. शिलालेख म्हटला की आपण वंशावळ, दान किंवा विजय वाचायला सरसावतो. येथे मात्र कोरलेली आहे ती बदकांच्या शिकारीची यादी: दिनांक, सन्माननीय पाहुणा, बंदुकांची संख्या आणि टिपलेले पक्षी. १२ नोव्हेंबर १९३८ या दिवशी, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या उपस्थितीत, ४२७३ पक्षी मारले गेले. विजयाचीच भाषा ही. फक्त शत्रू नि:शस्त्र.

हे तळे मुळात निसर्गनिर्मित नव्हे. सखल पाणथळ जमीन, अठराव्या शतकात सूरजमल जाटाच्या काळी बांधलेला अजान बांध आणि पुढे संस्थानाने मुद्दाम घातलेले पाट व बंधारे, यांतून ते घडले. १९५६ मध्ये तेथे अभयारण्य झाले; तरी महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत टिकला. १९८५ मध्ये ते जागतिक वारसास्थळ ठरले.

शिकाऱ्यांची यादी थांबली आणि निरीक्षकांची सुरू झाली. सायबेरियातून हजारो किलोमीटर उडत येणारे शुभ्र क्रौंच हिवाळ्यात येथे उतरत आणि फाल्गुनाच्या सुमारास परतत. १९६०च्या दशकात ते सुमारे दोनशे होते. १९९२-९३च्या हिवाळ्यात पाच. २००१-०२ मध्ये एक जोडी दिसली. त्यानंतर कोणी आले नाही. क्रौंचाच्या एका जोडीच्या ताटातुटीतून आपल्याकडे आदिकाव्य जन्मले, असे आपण वर्गात शिकवतो. या जोडीच्या वाट्याला आला तो तक्त्यातला एक आकडा. स्थलांतराच्या मार्गावरील शिकार आणि आटत गेलेल्या पाणथळ जागा ही त्यामागची कारणे सांगितली जातात.

पण या दोन्ही याद्यांत न मावणारे एक पान आहे. १९८२ मध्ये उद्यानात गुरे चारण्यास बंदी झाली. पिढ्यान्‌पिढ्या म्हशी घेऊन येणारे आसपासचे गावकरी विरोधाला उभे राहिले. पोलिसांच्या गोळीबारात त्यांच्यातील काहींचे प्राण गेले. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने केलेल्या दीर्घ अभ्यासातून दिसले ते असे की, म्हशी चरेनाशा झाल्यावर पाणगवत माजले, उघडे पाणी आक्रसले आणि पाणपक्ष्यांचीच अडचण झाली. ज्यांना पक्ष्यांसाठी हटवले, त्यांची गुरे पक्ष्यांचे तळे राखत होती.

म्हणून केवळ शिकाऱ्यांना दोष देऊन हा इतिहास आपल्याला मिटवता येत नाही. बंदूक मिरवणाऱ्या व्हाइसरॉयने पक्षी मोजले, दुर्बीण घेतलेल्या आपणही पक्षीच मोजले. काठावरचा माणूस दोघांच्याही मोजणीबाहेर राहिला. दुर्मीळ पक्षी दिसल्याची नोंद वाचताना आपण यापुढे एवढे तरी विचारावे: हे पाणी राखले कोणी?