टर्बो इंजिनाचा कोंडलेला श्वास

इंजिनाची ताकद वाढवलेल्या मोटारीची चर्चा बहुधा टर्बोचार्जरचा दाब, एक्झॉस्टचा आवाज आणि ईसीयूमधील नवा 'मॅप' यांच्यापाशीच थांबते. इंजिनाच्या पोटात कोंडणाऱ्या वायूकडे मात्र, डिपस्टिक आपोआप वर उचलली जाईपर्यंत किंवा पार्किंगच्या फरशीवर तेलाचे थेंब दिसेपर्यंत, कोणाचे लक्ष जात नाही. तोवर एखादे ऑइल सील निकामी झालेले असते.

पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला कितीही घट्ट बसल्या तरी पूर्णपणे हवाबंद नसतात. ज्वलनाच्या वेळी थोडा वायू त्यांच्या फटींतून निसटून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या पोकळीत, उतरतो. याला 'ब्लो-बाय' म्हणतात. त्यात न जळलेले पेट्रोल, आम्लधर्मी वायू आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते, हे लक्षात घेतले की तेलाच्या झाकणाखाली साचणाऱ्या पांढरट, लोण्यासारख्या थराचे कोडे उलगडते. असा थर दिसला म्हणजे हेड गॅस्केट गेलेच, असे नव्हे. रोज दोन-तीन किलोमीटरच धावणाऱ्या आणि पुरेशा न तापणाऱ्या गाडीतही तो आढळतो.

पूर्वी हा वायू एका नळीवाटे थेट रस्त्यावर सोडला जाई. गाडी वेगात असली की वाऱ्याच्या ओढीने क्रँककेस मोकळे होई. खोळंबलेल्या वाहतुकीत ती ओढही नसे. लॉस एंजेलिसच्या धुरक्यामागे वाहने व तेलशुद्धीकरण यांतून येणारे हायड्रोकार्बन आहेत, हे एरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दाखवून दिले. पुढे क्रँककेसमधील वायूचा त्यातील वाटाही स्पष्ट झाला. कॅलिफोर्नियाने १९६१ मध्ये 'पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन', अर्थात पीसीव्ही प्रणालीची सक्ती केली आणि १९६३ मध्ये ती तेथे विकल्या जाणाऱ्या अमेरिकी मोटारींना लागू झाली. मोटारींवर सक्तीने बसवले गेलेले अमेरिकेतील हे पहिले प्रदूषणरोधक साधन. क्रँककेसमधील वायू इनटेक मॅनिफोल्डच्या ओढीने पुन्हा सिलिंडरमध्ये आणून जाळायचा, एवढेच त्याचे काम.

साध्या इंजिनात हे सुरळीत चालते. टर्बो इंजिनात अडचण अशी की, ॲक्सिलरेटर दाबताच मॅनिफोल्डमधील ओढ संपून तेथे उलट दाब निर्माण होतो. ब्लो-बाय सर्वाधिक असतो तो नेमक्या याच क्षणी. म्हणून अशा इंजिनात एकमार्गी व्हॉल्व्ह मॅनिफोल्डकडील वाट बंद करतो आणि वायू टर्बोच्या आधीच्या हवेच्या पाइपमध्ये वळवला जातो. हा व्हॉल्व्ह उघडा अडकला तर टर्बोचा दाब थेट क्रँककेसमध्ये शिरतो, आणि डिपस्टिक वर येते ती अशा वेळी.

२००४ मध्ये भारतात आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचे उदाहरण घेता येईल. तिचे १.८ लिटरचे टर्बो इंजिन मुळात १५० अश्वशक्तीचे. केवळ ईसीयूची आज्ञावली बदलून त्याची ताकद बरीच वाढवता येते, त्यामुळे हौशी मंडळींचा तिच्यावर डोळा असतो. पण दाब वाढला की ब्लो-बायही वाढतो, आणि तो वाहून नेणाऱ्या नळ्या मात्र वीस वर्षे उष्णता व तेल सोसलेल्या असतात. रबर मऊ पडून ओढीने चपटे होते, प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकते. अशा गाडीत नव्या मॅपआधी या नळ्या आणि व्हॉल्व्ह बदलणे शहाणपणाचे. या कामाचे छायाचित्र कोणी मित्रांना दाखवत नाही, ही गोष्ट वेगळी.

वायूबरोबर तेलाचे तुषारही टर्बोमार्गे इंटरकूलरमध्ये पोहोचतात. तेथे तेलाचा थर बसला की हवा नीट थंड होत नाही. सिलिंडरमध्ये गेलेले तेल मिश्रणाची 'नॉकिंग' रोखण्याची क्षमता घटवते. ईसीयू इंजिन वाचवण्यासाठी ठिणगी उशिरा देतो आणि पैसे मोजून मिळवलेली अश्वशक्ती हातची जाते. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या नव्या इंजिनांत तर इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतलेच जात नाहीत, त्यामुळे त्यांवर काजळी साचते.

यावरचा लोकप्रिय उपाय म्हणजे वायूच्या वाटेत तेल अडवणारा डबा, 'कॅच कॅन'. बाजारातील अनेक चकचकीत डबे आतून निव्वळ पोकळ असतात. त्यांत वायू एका तोंडाने शिरून दुसऱ्याने तेलासकट बाहेर पडतो. आत आडपडदे किंवा जाळी हवी, म्हणजे तुषार आदळून थेंब होतील. नळ्या तेलाला टिकणाऱ्या आणि मूळ नळ्यांपेक्षा अरुंद नसाव्यात. अरुंद नळीने क्रँककेसचा दाब वाढतो व उपायच अपाय ठरतो. डबा एक्झॉस्टपासून दूर, थंड जागी बसवावा. मोटारस्पर्धांसाठी 'एफआयए'च्या नियमांत क्रँककेसचा श्वास खुला असल्यास २००० सीसीपर्यंत किमान दोन लिटरचा आणि त्यापुढे तीन लिटरचा डबा सांगितला आहे. तो प्लास्टिकचा किंवा पारदर्शक खिडकीचा असावा, ही अटही अर्थपूर्ण आहे. भरलेला डबा बाहेरून दिसला पाहिजे.

काही गॅरेजांत मात्र सर्व नळ्या काढून इंजिनावर छोटा फिल्टर बसवला जातो आणि वायू उघड्यावर सोडला जातो. ओढ नाहीशी झाल्याने ओलावा व पेट्रोल तेलातच राहते आणि तेल लवकर खराब होते. वाफा केबिनमध्ये येतात. तापलेल्या टर्बोवर तेल ठिबकले तर आगीचा धोका असतो. भारत स्टेज मानकांनुसार पेट्रोल मोटारीच्या क्रँककेसमधील वायू वातावरणात सोडण्यास मुळातच मज्जाव आहे. नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरबदलांना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार बेकायदा फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

इंजिनाचा श्वास तपासण्याची सोपी रीत आहे. गरम इंजिन मंद गतीवर चालू ठेवून तेलाचे झाकण काढावे आणि तोंडावर कागद ठेवावा. तो हलकेच आत ओढला गेला तर ठीक. फडफडत वर उडाला तर नळ्या तुंबल्या आहेत किंवा रिंगा झिजल्या आहेत. रिंगांचा संशय असेल तर कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणी करून घ्यावी, कारण झिजलेल्या इंजिनाला मोठ्यात मोठा डबाही वाचवू शकत नाही. डब्यात जमणाऱ्या तेलाचे प्रमाण दर हजार किलोमीटरला टिपून ठेवावे. ते अचानक वाढले तर कारण डब्यात नव्हे, इंजिनात शोधावे. हे तेल पेट्रोल, पाणी आणि आम्लाने दूषित झालेले असते. ते पुन्हा इंजिनात ओतू नये, गटारातही सोडू नये. सर्व्हिसिंगमध्ये निघणाऱ्या जुन्या तेलाबरोबरच गॅरेजात जमा करावे.