राहुलोवाद : बालमनाच्या जागृतीचा पहिला पाठ

राजस्थानातील बैराट येथे सापडलेला सम्राट अशोकाचा एक शिलालेख कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत जतन केलेला आहे. भाब्रू शिलालेख या नावाने तो अभ्यासकांना परिचित आहे. या लेखात मगधाचा राजा संघास अभिवादन करतो, बुद्ध, धम्म व संघ यांवरील आपली श्रद्धा प्रकट करतो आणि सात धम्मपर्यायांची नावे देतो. भिक्खू-भिक्खुणींनी तसेच उपासक-उपासिकांनी हे पर्याय वारंवार ऐकावेत व मनात धारण करावेत, अशी त्याची इच्छा आहे. या सातांतील अखेरचे नाव आहे ‘लाघुलोवाद’, म्हणजेच राहुलास केलेला उपदेश. तो मृषावादासंबंधीचा आहे, असा खुलासाही लेखातच केलेला आहे.

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात, एका बालकाला केलेला उपदेश सम्राटाने साऱ्या संघापुढे ठेवावा, ही गोष्ट आम्हास फार अर्थपूर्ण वाटते. मुलांना मनाची जागरूकता शिकवावी, असे आज सर्वत्र बोलले जाते. ती कोठून शिकवावयास आरंभ करावा, याचे उत्तर या उपदेशात आहे.

राहुलाच्या प्रव्रज्येची कथा विनयपिटकाच्या महावग्गात येते. तथागत कपिलवस्तूस आले असता राहुलाने मातेच्या सांगण्यावरून त्यांच्याकडे आपला वारसा मागितला. तेव्हा तथागतांच्या आज्ञेवरून सारिपुत्तांनी त्याला प्रव्रज्या दिली. वृद्ध शुद्धोदनाला याचे अत्यंत दुःख झाले. आईवडिलांच्या संमतीवाचून कोणाही मुलास प्रव्रज्या देऊ नये, अशी विनंती त्याने केली. तथागतांनी ती मान्य केली आणि तसा नियम घालून दिला. मुलाच्या शिक्षणात त्याच्या घराचा विचार घेतलाच पाहिजे, हे तत्त्व येथे प्रथमच प्रस्थापित झाले, असे आम्ही मानतो.

अशोकाने उल्लेखिलेला उपदेश म्हणजे मज्झिम निकायातील अम्बलट्ठिक-राहुलोवाद सुत्त होय, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. सायंकाळी तथागत राहुलाकडे येतात. राहुल आसन मांडतो, पाय धुण्यास पाणी ठेवतो. पाय धुतल्यावर भांड्यात थोडे पाणी उरते. तेवढ्याच भांड्यातून पाठ सुरू होतो. जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज नाही त्याचे श्रमणत्व या उरलेल्या पाण्याइतके अल्प आहे, असे तथागत सांगतात. मग ते पाणी फेकतात, भांडे पालथे घालतात, पुन्हा उताणे करून ते रिकामे असल्याचे दाखवितात. प्रत्येक वेळी उपदेश तोच राहतो. थट्टेतही असत्य बोलू नये, ही शिकवण मुलाला अशी डोळ्यांनी दिसते.

त्यानंतर ते विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे राहुल उत्तरतो. त्याचप्रमाणे काया, वाचा व मन यांचे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करीत असता आणि केल्यानंतर पाहावे, असे तथागत सांगतात. या कर्माने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना पीडा होते काय, हा प्रश्न स्वतःस विचारावा. कायेने वा वाचेने चूक घडली असल्यास ती गुरूपुढे किंवा सुज्ञ सहकाऱ्यापुढे उघड करावी आणि पुढे संयम ठेवावा. कर्म कुशल असल्यास प्रसन्न मनाने अभ्यास चालू ठेवावा. येथे शिक्षेचा धाक नाही आणि देवाच्या कोपाचे भय तर नाहीच. मूल स्वतःच आपल्या कर्माचे परीक्षक होते. जागरूकतेचा मुलांना होणारा खरा लाभ तो हाच.

श्वासाची साधना राहुलाला मिळाली ती नंतर. महाराहुलोवाद सुत्तात सारिपुत्त त्याला आनापानसतीचा अभ्यास करण्यास सांगतात आणि ती कशी करावी हे राहुल तथागतांना विचारतो. तथागत मात्र आधी पृथ्वीसारखे मन करण्यास, मग मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा यांची भावना करण्यास शिकवितात आणि शेवटी श्वासाकडे येतात. अट्ठकथेनुसार पहिल्या उपदेशाच्या वेळी राहुल सात वर्षांचा, तर या उपदेशाच्या वेळी अठरा वर्षांचा होता. मुलांनी श्वासाकडे पाहूच नये, असा याचा अर्थ नव्हे. परंतु सत्य आणि मैत्री यांचा पाया आधी घातला गेला, हा क्रम विसरून चालणार नाही.

आज हा क्रम पुष्कळदा विसरला जातो. मनःशांतीचे तंत्र म्हणून ही साधना जगभरच्या शाळांत शिकविली जाते. ब्रिटनमध्ये ८,००० हून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. शाळांतील नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा या वर्गांचा अधिक लाभ त्यात दिसून आला नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावही फारसा केला नव्हता. यावरून साधना निरर्थक ठरत नाही. केवळ तंत्र वर्गात शिकवून ते मुलाच्या जीवनात उतरत नाही, एवढेच यावरून आम्ही समजतो.

आपल्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. जातीवरून अपमान सोसून घरी आलेल्या मुलाला ‘शांत बस, श्वास पाहा’ एवढेच सांगणे म्हणजे त्याला मुकाट्याने सोसण्याचे शिक्षण देणे होय. राहुलोवाद तसे सांगत नाही. ‘मला पीडा होते काय’ हा प्रश्न त्यात पहिला आहे. पृथ्वीवर शुद्ध-अशुद्ध काहीही टाकले तरी ती किळस करीत नाही, या दृष्टान्तात तर शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेलाच थारा उरत नाही, असे आम्हास वाटते. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथात सम्यक स्मृतीचा अर्थ दुष्ट विकारांवर मनाने ठेवलेला अखंड पहारा असा लावला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही असत्य न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. राहुलाचा पाठ आणि दीक्षाभूमीचा पाठ असे एकमेकांस जोडलेले आहेत.

म्हणून विहारांत मुलांचे वर्ग चालविणाऱ्या उपासक-उपासिकांना आमची विनंती आहे की, श्वासाकडे वळण्यापूर्वी पाण्याचे एक भांडे मुलांपुढे ठेवावे आणि राहुलाची कथा सांगावी. दिवसभरातील एका कर्माकडे आरशात पाहावे तसे पाहण्यास त्यांना शिकवावे. मात्र तत्पूर्वी वडीलधाऱ्यांनीही त्या आरशात स्वतःस पाहिले पाहिजे. कारण घरात असत्य ऐकणाऱ्या मुलाला विहारातील सत्याचा पाठ पटणार नाही.