कोर्स इंग्लिश मीडियमचा, पेशंट कुठल्या मीडियमचा?

नीटचा निकाल लागतो, सरकारी कॉलेजचा कटऑफ हुकतो, खासगीची फी ऐकून घर गप्प होतं आणि मग बारामती-इंदापूरकडच्या अनेक घरांत रशियाचं नाव निघतं. भाषेचं काय, असं आई विचारते. एजंट, मामा आणि क्लासवाले सर तिघेही एकच उत्तर देतात : "काळजी करू नका, कोर्स इंग्लिश मीडियमचा आहे." याच समजुतीतून दुसरी समजूत निघाली आहे. माध्यमिक शाळेत रशियन शिकवा असं कुणी म्हटलं, तर तो माणूस सोव्हिएत काळात अडकलेला. मला या दोन्ही समजुती खोडायच्या आहेत.

पूर्वपक्ष पुरता मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला बोलायचा अधिकार नाही, ही आपल्याकडची जुनी शिस्त. म्हणून आधी त्यांची बाजू, आणि ती लेचीपेची नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार परदेशातलं वैद्यकीय शिक्षण इंग्रजी माध्यमातूनच झालेलं असावं लागतं. म्हणजे रशियनमधून शिकलेलं इथे चालतच नाही. दुसरं, आपल्या पोराला मराठी, हिंदी, इंग्रजी असतेच, कुठे संस्कृतही असते. त्यात आणखी एक लिपी कशाला? तिसरं, परकीय भाषा घ्यायचीच तर फ्रेंच-जर्मन घ्यावी, तिला बाजार आहे. आणि चौथं, रशियन तिथे गेल्यावर विद्यापीठ शिकवतंच.

पहिल्या मुद्द्याला उत्तर त्याच नियमांत आहे. किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम, आणि त्यानंतर 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत. पुस्तक इंग्रजी, वर्ग इंग्रजी, परीक्षा इंग्रजी, पण वॉर्ड? कझान किंवा ओरेनबर्गच्या रुग्णालयात खाटेवरची आजी काही इंग्रजीत कण्हत नाही. विद्यार्थ्याने विचारायचं असतं, "श्तो वास बेस्पकोइत?" म्हणजे, काय त्रास होतोय? ती छातीवर हात ठेवून सांगते, "दावित." छातीवर दाब आल्यासारखं होतंय. शेजारच्या खाटेवरची म्हणते, "कोल्येत." टोचतंय. तिसरी म्हणते, "नोयेत." मंद, सतत दुखतंय. दाबल्यासारखं दुखणं हृदयाकडे बोट दाखवतं. टोचणारं दुखणं बरेचदा फुप्फुसाच्या आवरणाचं किंवा बरगड्यांमधल्या स्नायूंचं निघतं. शिक्षकाने घाईत तिन्हींचं इंग्रजीत "पेन" करून दिलं, की निदानाचा पहिला धागाच हातातून सुटला. रोग्याची हकिकत घेणं हे निम्मं वैद्यक आहे आणि ते इंग्रजी माध्यमात होत नाही. भारतात परतल्यावरच्या एफएमजीई या पात्रता परीक्षेत बहुसंख्य मुलं नापास होतात, त्याची कारणं अनेक आहेत. सगळं खापर मी भाषेवर फोडणार नाही. पण वॉर्डात मुका राहिलेला मुलगा वॉर्डातून काय घेऊन येणार, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आता ओझ्याचा मुद्दा. तो मांडणाऱ्यांनी रशियनचं व्याकरण उघडून पाहिलेलं नसतं. पाहिलं असतं तर लक्षात आलं असतं, की ही भाषा शिकायला इंग्रजी मुलापेक्षा मराठी मूल जास्त तयारीचं आहे. आपल्याकडे तीन लिंगं, तिकडेही तीन. नपुंसकलिंग हिंदीने टाकून दिलं, आपण नाही. फळ्यावर लिहा : पशोल, पश्ला, पश्लो. शेजारी लिहा : गेला, गेली, गेलं. अर्थ तोच, कर्त्याच्या लिंगाप्रमाणे शेवट बदलण्याची रीतही तीच, आणि भूतकाळात "ल" सुद्धा दोन्हीकडे. दोन्ही "ल"चं मूळ एक असल्याचा माझा दावा नाही, योगायोग असेल. आठवीतल्या मुलीला त्या व्युत्पत्तीशी काय करायचंय? तिला रूप पाठ होतं. रशियनमध्ये सहा विभक्त्या आहेत. इंग्रजी शाळेतल्या मुलाला त्या ऐकूनच घाम फुटतो. "स ला ते, स ला ना ते" घोकलेल्या जिल्हा परिषदेच्या पोराला "पेनाने" हे एका शब्दात, प्रत्यय लावून म्हणता येतं, तसंच रशियनालाही. "चमचा"तला च आणि "चहा"तला च वेगळे, हे आपल्या कानाला कुणी शिकवावं लागत नाही. रशियनमध्ये त्यांना स्वतंत्र अक्षरं आहेत. अक्षरं एकूण 33, बाराखडी नाही, जोडाक्षरं नाहीत.

अवघड काय, तेही सांगतो. आघात शब्दागणिक जागा बदलतो आणि आघात नसलेला "ओ" उच्चारात "अ" होतो. क्रियापदं पूर्ण-अपूर्ण अशा जोडीने येतात, त्या जोड्या डोकं खातात. म्हणूनच तर तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरुवात हवी. एकोणिसाव्या वर्षी, उणे वीस अंशांत, शरीररचनाशास्त्राच्या जोडीने नको. विद्यापीठ भाषा शिकवतं हे खरं. पण ज्या मुलाला अक्षरओळखीपासून सुरुवात करायची आहे, त्याला ती वॉर्डात उभं राहण्याइतकी कधी येणार?

बरं, अनेक भाषांत माध्यमिक शिक्षण देणं जगाला नवं नाही. कझाकस्तानातल्या नझरबायेव इंटलेक्च्युअल शाळा 2008 पासून कझाक, रशियन आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत विषय वाटून शिकवतात. आंतरराष्ट्रीय शाळांतल्या आयबी डिप्लोमात विद्यार्थ्याला स्वभाषेचं साहित्य पहिली भाषा म्हणून घेता येतं; रशियन त्यात आहेच, आणि शाळेत त्या भाषेचा शिक्षक नसला तरी देखरेखीखाली स्वयंअध्ययनाची सोय आहे. आपल्याकडे मात्र "इंटरनॅशनल" या पाटीचा अर्थ इंग्रजी सोडून बाकी सगळं कमी करणं, असा घेतला जातो. 2020 च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली, ती अनेक ठिकाणी दंड भरल्यासारखी शिकवली जाते. आणि तिथेच रशियनची, जर्मनचीही, पायरी मोडते. विभक्ती मराठीतून कळली नाही, तर ती परकीय भाषेतून काय कळणार?

बाजाराच्या मुद्द्यावर मी निम्मी माघार घेतो. नोकरीसाठी जर्मन सरस, यात वाद नाही. पण बाजार बघूनच भाषा ठरते म्हणणाऱ्यांनी बारामती एमआयडीसीकडे पाहावं. पियाजिओ आणि फेरेरो, दोन्ही इटालियन. म्हणून पालकसभेत कुणी इटालियन मागितल्याचं ऐकलंय? फ्रेंच मागतात, कारण शेजारच्याने मागितली. इथली मुलं प्रत्यक्षात जातात कुठे, हा निकष लावला तर रशियन वर येते. ती बिश्केक आणि अल्माटीतही उपयोगी पडते. आणि एक कटू निकष : 2024 मध्ये भारतीय तरुणांना नोकरीच्या नावाने रशियाला नेऊन सैन्यात ढकलल्याची प्रकरणं उघड झाली, सीबीआयने गुन्हा नोंदवला, पंतप्रधानांना तो विषय मॉस्कोत काढावा लागला. त्यांतल्या कित्येकांनी सही केली तो करार रशियनमध्ये होता.

"आपला आणि त्या भाषेचा संबंध काय?" असंही म्हणतात. पंधराव्या शतकात त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन चौलला उतरून याच पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरला आला आणि पावसाळाभर अडकला. त्याच्या प्रवासवृत्तात रशियनमध्ये फारसी, अरबी, तुर्की शब्द मिसळलेले आहेत. परमुलखात तो त्यांच्याच जोरावर निभावला. आज त्याच त्वेरच्या वैद्यकीय विद्यापीठात भारतीय मुलं शिकतात. उलट दिशेने, मॉस्कोच्या इरिना ग्लुश्कोव्हा मराठी शिकल्या आणि त्यांनी पंढरीच्या वारीवर संशोधन केलं. तुकोबांची पालखी बारामती आणि इंदापूरला मुक्काम करते. ज्यांच्या दारावरून वारी जाते, त्यांनी मात्र तिकडची अक्षरंही ओळखू नयेत?

उरला शिक्षकाचा प्रश्न, आणि हा एकच आक्षेप मला खरा वाटतो. पण पुण्यात विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकवली जाते, तिथून पदवीधर बाहेर पडतात. पुणे-बारामती शंभर किलोमीटर. बारामतीतल्या तीन आणि इंदापूरच्या दोन शाळांनी मिळून एक शिक्षक नेमला, तर आठवी-नववीला आठवड्याला तीन तास बसतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरासाठी सुचवलेल्या परकीय भाषांत रशियनचं नाव आहे, सीबीएसईतही हा विषय आहे. म्हणजे धोरणाची आडकाठी नाही. खर्च कोण करणार, हे संस्थाचालकांनी सांगावं. एजंटला दिल्या जाणाऱ्या रकमेच्या मानाने तो किती, हे पालकांनी मांडून पाहावं.